तुटेपर्यंत ताणू नये

लोखंडाबद्दल मला पहिल्यापासून आदर आहे. लोखंड सरळमार्गी असतं. गंजायचं झालं तर ते उघडपणे, चारचौघांत तांबडंलाल होऊन गंजतं. ठोकलं की वाकतं, तापवलं की वळतं, अगदीच कुजलं तर तेवढा तुकडा कापून दुसरा जोडता येतो आणि वरून रंगाचा हात मारला की पाहुण्यांना पत्ताही लागत नाही. काचेचंही तसंच. ती फुटते किंवा फुटत नाही. मधलं काही तिच्याजवळ नाही. रबर मात्र गोड बोलणाऱ्या नातेवाइकासारखं असतं. दाबलं की 'हो, हो' म्हणत आत जातं आणि आपली पाठ वळली की पुन्हा मूळ मुद्द्यावर येतं.

हे ज्ञान मला मामांच्या मोटारीनं दिलं. वारसाहक्कानं कुणाला जमीन मिळते, कुणाला दागिने मिळतात, कुणाला मधुमेह मिळतो. मला १९७६ सालची प्रीमियर पद्मिनी मिळाली. मामा गेल्यावर मामींनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "भंगारात घालू नकोस. एवढंच."

हे 'एवढंच' केवढं असतं, ते जुनी मोटार दुरुस्तीला काढल्याशिवाय कळत नाही.

पद्मिनी घराणं तसं खानदानी. माहेर इटलीचं, तुरीनचं. फियाट कंपनीनं १९६२ साली काढलेली '११०० डी' ही तिची सख्खी आई. सासर कुर्ल्याचं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं तिला पदरात घेतलं. लग्नानंतर नाव बदलण्याची आपली चाल तिच्या बाबतीत जरा जास्तच पाळली गेली. आधी ती 'डिलाइट' होती, मग 'प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून चितोडच्या राणीच्या नावानं 'पद्मिनी' म्हणून ओळखली जाऊ लागली. तिच्या आधीच्या, १९५३ सालच्या नमुन्याच्या गुबगुबीत वडील बहिणीला मात्र लोक 'डुक्कर फियाट' म्हणत. एकाच घरात एकीला राणी आणि एकीला डुक्कर म्हणायचं, हेही तसं आपल्याकडच्या चालीला धरूनच झालं! विसाव्या शतकाबरोबर पद्मिनीचं उत्पादन आटोपलं. मुंबईतली शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सीही वीस वर्षांची मुदत भरून ३० ऑक्टोबर २०२३ रोजी निवृत्त झाली. म्हणजे माझ्या दारात जी उभी होती, ती आता मोटार राहिली नव्हती. इतिहास झाली होती. आणि इतिहासाचे सुटे भाग कुठल्या दुकानात मिळतात, हे शाळेत शिकवत नाहीत.

मिस्त्री आले. सत्तरीला टेकलेले, बोटं पान्यासारखी, फियाटीखेरीज दुसऱ्या गाडीला हात न लावणारे. माझी समजूत अशी, की ते आधी बॉनेट उघडतील, इंजिनाला कान लावतील, डॉक्टरासारखे 'हं' म्हणतील. त्यांनी तसलं काही केलं नाही. सरळ दाराशी गेले आणि कडेच्या रबरात अंगठ्याचं नख रुतवलं. नख रुतलं नाही. रबराचा खारी बिस्किटासारखा चुरा होऊन खाली पडला.

"पत्रा मी बनवीन," मिस्त्री म्हणाले, "इंजिन पण उघडू. पण रबर मेलंय साहेब. आणि रबर काय मला बनवता येत नाही."

तोपर्यंत मोटारीत रबर म्हणजे चार टायर आणि पाचवी स्टेपनी, एवढाच माझा हिशेब होता. मिस्त्रींनी वहीचं पान मागितलं आणि सांगायला सुरुवात केली. पुढच्या काचेचं रबर, मागच्या काचेचं रबर, चार दारांची चार, डिकीचं एक, रेडिएटरचे होज पाइप, फॅन बेल्ट, इंजिन ज्यावर बसतं ती माउंटिंग, मागच्या पाट्यांचे बुश, वायपरची पाती, पेडलवरच्या टोप्या, वायरी जिथून पत्र्यातून आत येतात तिथली भोकं बुजवणारी ग्रॉमेट आणि ब्रेकच्या सिलिंडरमधल्या त्या एवढ्या-एवढ्या रबरी वाट्या. पान संपलं. मागची बाजू संपली. शेवटी वाटायला लागलं, की रबरच मुळात मोटार आहे. लोखंड नुसतं त्याला आधार म्हणून लावलंय.

"या वाट्या बघा," मिस्त्री म्हणाले, "आठ आण्याएवढ्या. पण तुमचा-माझा जीव याच्यावर."

दुसऱ्या दिवशी आम्ही नाना पेठेत गेलो. पुण्यात मोटारीचे सुटे भाग घ्यायचे तर नाना पेठेला पर्याय नाही. एका दुकानदारानं, त्याचं नाव सांगत नाही, माळ्यावरून काळ्या रबराचं एक वेटोळं खाली टाकलं. पुंगी वाजवली असती तर त्यानं फणा काढला असता.

"हे पद्मिनीचंच ना?" मी विचारलं.

"पद्मिनीचंच."

"जरा आखूड वाटतंय."

"रबर आहे साहेब," दुकानदार म्हणाला, "थोडं ताणून घ्या."

'थोडं ताणून घ्या' हे वाक्य मी पुढच्या तीन महिन्यांत इतक्या दुकानांत ऐकलं, की रबर विकण्याच्या परवान्यावरच ते छापलेलं असावं, असा मला संशय आहे. पण मिस्त्री हे वाक्य ऐकलं की खवळायचे. त्यांचा सगळ्या हयातीचा अनुभव उलटा होता. "रबर ताणायचं नसतं साहेब. कोंबायचं असतं. ताणून बसवलं की आज छान दिसेल. उन्हाळा गेला की आखडून कोपऱ्यातनं बाहेर येईल. मग पावसाळ्यात तुम्ही गाडीत छत्री घेऊन बसा." म्हणून ते काचेचं रबर कापताना बोटभर जास्तच ठेवायचे आणि ती जास्तीची लांबी थोपटून-थोपटून खाचेत जिरवायचे. मला आधी हा नुसता कारागिरी आग्रह वाटला. नंतर वाचनात आलं, की हवेत जो थोडाफार ओझोन असतो तो ताणलेल्या रबरावरच डूख धरतो. सैल रबराच्या तो फारसा वाटेला जात नाही. ताणलेल्याला मात्र आडव्या भेगा पाडतो. मिस्त्रींनी ओझोनचं नावही ऐकलेलं नव्हतं, पण त्याच्याशी त्यांची जुनी दुश्मनी होती.

रबराचा हा आडमुठेपणा आला कुठून, याचा छडा लावायचं मी ठरवलं आणि पुस्तकं आणली. आरोपी लवकरच सापडले. बरेच निघाले.

पहिली गोष्ट कळली ती अशी, की रबर जन्मतः हट्टी नव्हतंच. झाडाचा चीक तो. त्याला कसला हट्ट? मेक्सिकोकडच्या लोकांनी साडेतीन हजार वर्षांपूर्वी त्याचे चेंडू केले. एल मनाती नावाच्या ठिकाणी ते दलदलीत सापडले आहेत. हे लोक चिकात एका वेलीचा रस मिसळत आणि त्यानं चेंडू टणटण उडत. १५२८ साली कोर्तेसनं हे चेंडूवाले खेळाडूच स्पेनमध्ये नेऊन दाखवले. युरोपनं टाळ्या वाजवल्या आणि पुढं दोनशे वर्षं त्या पदार्थाचं काय करावं हे त्यांना सुचलं नाही. १७७० साली जोसेफ प्रीस्टली या इंग्रज विद्वानानं लिहून ठेवलं, की या पदार्थानं शिसपेन्सिलीचं लिहिलेलं पुसता येतं. खोडायला उपयोगी म्हणून इंग्रजीत त्याचं नाव 'रबर' पडलं. आपल्याकडे शाळेतल्या पोरांचं 'खोडरबर' म्हणजे खरं तर 'खोड-खोड' झालं. पण ते असो. गंमत पुढंच आहे. याच प्रीस्टलीनं चार वर्षांनी, १७७४ मध्ये, ऑक्सिजन वेगळा काढून दाखवला. आणि रबराला म्हातारं करणारा मुख्य गुन्हेगार कोण, तर ऑक्सिजन! एकाच माणसानं रबराचं बारसंही केलं आणि त्याचा मारेकरीही हुडकून आणला.

१८२३ साली चार्ल्स मॅकिंटॉश यानं दोन कापडांमध्ये रबराचा थर देऊन पावसाळी कोट काढले. कोट पाऊस अडवत, पण थंडीत ते पत्र्यासारखे ताठ होत आणि उन्हाळ्यात गुळासारखे पाघळत. अशा कोटात इंग्रज माणूस तरला, कारण त्याच्याकडे उन्हाळा नावालाच. अमेरिकेत उन्हाळा खरा असतो. तिथं १८३०च्या सुमाराला रबराचे जोडे, पिशव्या करणारे कारखाने धडाधड निघाले आणि त्यांचा माल चिखल होऊन तितक्याच धडाधड बसले.

आणि इथं चार्ल्स गुडइयर हा गृहस्थ येतो. टायरवर ज्याचं नाव वाचतो तोच. पण ती टायरची कंपनी त्याच्या मृत्यूनंतर अडतीस वर्षांनी, १८९८ साली, दुसऱ्यांनीच काढली आणि त्याच्या आठवणीखातर नुसतं नाव घेतलं. बिचाऱ्याला त्यातली कपर्दिकही मिळाली नाही. गुडइयरचं फिलाडेल्फियातलं लोखंडी सामानाचं दुकान बुडालं, कर्जापायी तो तुरुंगात गेला आणि तिथंच बायकोकडनं लाटणं मागवून रबर लाटायला लागला. यानं रबराला पाघळू द्यायचं नाही, असा पण केला. मॅग्नेशिया घातला, चुना घातला, नत्राम्ल ओतलं. सरकारच्या टपाल खात्यासाठी रबरी थैल्या केल्या. उन्हाळ्यात त्या स्वतःच्या वजनानं खाली घरंगळल्या. घरातली भांडीकुंडी विकली, मुलांची पाठ्यपुस्तकंसुद्धा विकली, पण रबर सोडलं नाही. अंगात रबराचा कोट, पायांत रबराचे बूट, डोक्यावर रबराची टोपी आणि खिशात रबराचं पैशाचं पाकीट, त्यात एक पैसा नाही, असा माणूस दिसला की तो गुडइयर समजावा, असं लोक म्हणत. आमच्या मामींनी मामांबद्दल याहून फार वेगळं कधी काही सांगितलेलं नाही. फक्त रबराच्या जागी फियाट घालायची.

१८३९ साली मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्न गावी गंधक मिसळलेला रबराचा तुकडा तापलेल्या शेगडीला लागला. पाघळायचा तो चामड्यासारखा चिवट झाला. संपला विषय. रबराचे रेणू म्हणजे शेवयांचा लांबच लांब गुंता असतो. ओढलं की एक शेवई दुसरीवरून घसरते आणि जिथं जाईल तिथंच राहते. गंधकानं या शेवयांना अधूनमधून गाठी मारल्या. आता ओढलं तर ओढल्या जातात, पण सोडलं की गाठी त्यांना पुन्हा घरी खेचून आणतात. म्हणजे काचेच्या खाचेत मी जे बोटानं दाबत होतो आणि जे परत वर येत होतं, ते रबर नव्हतंच. ती गुडइयरची गाठ होती. पाच वर्षं दारिद्र्यात काढून, माझ्या छळासाठी, त्या माणसानं रबराला स्वतःचा हट्ट शिकवला होता!

त्याचं पुढं काय झालं तेही सांगून टाकतो. इंग्लंडमध्ये टॉमस हँकॉकनं गुडइयरच्या रबराचा नमुना पाहिला, त्यावरचा गंधक ओळखला आणि १८४३ साली तिकडचा हक्क आपल्या नावावर करायला टाकला. गुडइयरचा अमेरिकेतला हक्क १८४४चा. फ्रेंच बादशहानं १८५५ मध्ये त्याला सन्मानाचा क्रॉस दिला, तेव्हा गुडइयर पॅरिसच्या कर्जबुडव्यांच्या तुरुंगात होता. पदक तिथं नेऊन द्यावं लागलं. १८६० साली तो वारला तेव्हा डोक्यावर दोन लाख डॉलर कर्ज होतं.

एकदा रबर टिकाऊ झाल्यावर सगळ्यांनाच ते हवंसं झालं. १८७६ साली हेन्री विकहॅम नावाचा इंग्रज ब्राझीलहून सत्तर हजार बिया लंडनच्या क्यू बागेत घेऊन आला. त्यातल्या उगवल्या त्या तीन हजारांच्या आतच. पण श्रीलंका, मलाया इकडचं सगळं रबर त्यांच्याच वंशातलं. सिंगापूरच्या बागेचा प्रमुख हेन्री रिडली खिशात बिया घेऊन फिरायचा आणि भेटेल त्या मळेवाल्याच्या हातात कोंबायचा. लोक त्याला 'वेडा रिडली' म्हणत. या वेड्यानं झाड न मारता रोजच्या रोज चीक कसा काढायचा ते शोधलं, त्र्याऐंशीव्या वर्षी लग्न केलं आणि शंभरी गाठून १९५६ साली देह ठेवला. तेव्हा रबराच्या नादी लागलेला प्रत्येकच जण हालात मेला, असं नाही. आपल्याकडे केरळात पेरियार नदीकाठी तट्टेकाड इथं १९०२ साली पहिली व्यापारी लागवड झाली.

पण मळ्यांतलं हे रबर बाजारात यायच्या आधीची जी पंधरा-वीस वर्षं आहेत, तिथं माझं पुस्तक पुढं वाचवेना. १८८८ साली डनलॉपनं हवेचं टायर काढलं आणि सायकलींमागोमाग मोटारी रबराला हपापल्या. आफ्रिकेत काँगोचा सगळा मुलूख बेल्जमच्या राजा लिओपोल्डनं खाजगी मालमत्ता म्हणून बळकावला होता. तिथं जंगली वेलींचा चीक आणायचा माणशी वाटा ठरलेला असे. तो भरला नाही तर गावं जाळत, बायकांना ओलीस धरत, माणसांचे हात तोडत. तोडलेल्या हातांची छायाचित्रं आहेत. एक बाप आपल्या पाच वर्षांच्या मुलीच्या तोडलेल्या हाताकडे आणि पावलाकडे बघत ओट्यावर बसला आहे, असं त्यातलं एक. १९०८ साली बोंबाबोंब झाल्यावर राजाच्या हातून तो मुलूख काढून घेतला. ते छायाचित्र पाहिल्यानंतर दोन-तीन दिवस मी गॅरेजकडे फिरकलो नाही. मिस्त्रींनी विचारलं, "बरं नाही का?" मी 'हो' म्हटलं.

चौथ्या दिवशी गेलो तर तिथं शेजारचे निवृत्त अभियंते उभे. जुन्या मोटारीचं बॉनेट उघडं दिसलं की आपल्याकडे शेजारी आपोआप जमतात. बुश बसत नव्हता आणि अभियंत्यांचं म्हणणं, "ग्रीस चोपडा, सुळकन जाईल."

"जाईल की," मिस्त्री शांतपणे म्हणाले, "आणि सहा महिन्यांनी फुगून बसेल."

मिस्त्रींचंच खरं होतं. खनिज तेल झाडाच्या रबराला पचत नाही. ते पिऊन रबर फुगतं आणि लिबलिबीत होतं. म्हणून तर अगदी सुरुवातीच्या तेलाच्या ब्रेकांत, आत रबरी वाट्या असायच्या तेव्हा, चक्क एरंडेल घालत, त्यात अल्कोहोल मिसळून. लहानपणी दर रविवारी नाक दाबून जे आमच्या घशात ओतलं गेलं, ते मोटारींनाही सुटलेलं नव्हतं हे वाचून फार समाधान वाटलं. अल्कोहोल तेवढं आम्हाला कुणी दिलं नाही. मिस्त्रींचा उपाय साधा होता. बुश पातेल्यात उकळत्या पाण्यात टाकायचे, मऊ झाले की साबणाचं पाणी लावून शिकंजात धरून दाबायचे. साबण वाळला की सरकणं बंद. आणि पाट्याचे बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्याशिवाय शेवटचे आवळायचे नाहीत. नाहीतर बुश पीळ खाऊन बसतो आणि आयुष्यभर तो पीळ काढत राहतो. अशी माणसंही मी पाहिली आहेत, पण तो वेगळा विषय.

काच बसवायला मिस्त्रींनी रविवार निवडला. मामी आल्या होत्या. चिंचेखाली खुर्ची टाकून बसल्या.

काचेभोवती रबर चढवलं. रबराच्या बाहेरच्या खाचेत नायलॉनची सुतळी फिरवली आणि तिची दोन्ही टोकं खालच्या मध्यावर एकमेकांवरून आत घेतली. मग काच बाहेरून चौकटीला लावली. मिस्त्री आत बसले, त्यांचा पोऱ्या बाहेर तळहातानं काच दाबायला, आणि साबणाच्या पाण्याचा मग धरायला मी. मिस्त्रींनी सुतळीचं एक टोक धरून काचेच्या कडेला समांतर, हळूहळू ओढायला सुरुवात केली. जसजशी सुतळी बाहेर येईल तसतसा रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवरून उलटून आत येत होता. इतका वेळ ज्यानं तीन माणसांना दाद दिली नाही, ते रबर वीतभर-वीतभर असं आत येत होतं, जसं काही स्वतःलाच सुचलं.

डावा वरचा कोपरा अडला. पोऱ्या म्हणाला, "उस्ताद, खेचा जोरात."

"खेचायचं नाही," मिस्त्री आतून ओरडले. "थांब. त्याला येऊ दे."

पाच मिनिटं कुणी काही बोललं नाही. मी कोपऱ्यावर साबणाचं पाणी सोडलं. मिस्त्रींनी सुतळी दोन बोटं मागं घेतली, पुन्हा ओढली, आणि 'फट्' असा बारीक आवाज झाला. कोपरा बसला.

मामी उठल्या. खुर्चीवरून उठताना त्या एरवी दोघांना हाका मारतात. आज मारल्या नाहीत. डाव्या बाजूचं दार उघडून आपल्या जागेवर बसल्या, दार लावलं, परत उघडलं, परत लावलं. नव्या रबरानं दाराचा आवाज बदलला होता. पत्र्याची खडखड जाऊन 'धप्' असा भरल्यासारखा आवाज येत होता.

"असाच यायचा," मामी म्हणाल्या.

मी मिस्त्रींना विचारलं, ही सुतळीची करामत तुमच्या मुलाला येते का. ते हसले. त्यांचा मुलगा नव्या गाड्या करतो, आणि नव्या गाड्यांची पुढची काच रबरात बसवत नाहीत. रसायन लावून सरळ चौकटीला चिकटवतात. सुतळीचं कामच उरलेलं नाही. दारांची रबरंही आता बहुतेक झाडाच्या चिकाची नसतात, खनिज तेलापासून केलेली असतात; ऊन आणि ओझोन त्यांना मानवतो. "चांगलंच आहे की," मिस्त्री म्हणाले. "आमच्यासारखी बोटं झिजवायला नकोत कुणी."

सामान आवरताना त्यांनी पायरीवर टाकलेलं जुन्या काचेचं रबर उचललं. जागोजाग तडकलेलं, दगडासारखं. मामी म्हणाल्या, "अहो, ते फेका की."

"फेकून कसं चालेल बाई?" मिस्त्रींनी ते जपून पिशवीत घातलं. "या मापाचा नमुना राहिलाय कुठं? पुढं कुणाची गाडी आली तर साच्यावाल्याला दाखवायला लागेल."

डिकीचं रबर तेवढं अजून बसायचं आहे. नाना पेठेतून ते काल आणलं. चार बोटं आखूड आहे. दुकानदाराला तसं सांगितलं, तर म्हणाला, थोडं ताणून घ्या.